'लेव्हल म्हणजे नुसते ठोकळे' म्हणणाऱ्यांना

आमच्या ग्रुपांवर दोन दिवस एक पोस्ट फिरूलालीय, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच जणांनी बघितली असेल. म्हणे गेममधली चित्रं काढणारा कलाकार, म्युझिक देणारा कलाकार, पण लेव्हल, म्हणजे गेममधला एकेक टप्पा, बनवणारा नुसते ठोकळे मांडतो, तेही आता कॉम्प्युटर आपोआप करतो, आणि जिथं हार-जीत आली तिथं कला संपली. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

आधी ठोकळ्यांचं बोलू. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिलीच लेव्हल आठवा. मारिओ, म्हणजे आपण खेळवतो तो गडी, डावीकडं उभा, उजवीकडं सगळं मोकळं, म्हणजे कुठं जायचं ते कुणी सांगायलाच नको. समोरनं गुम्बा नावाचा छोटा शत्रू चालत येतो, एकदा धडकून मेलात की पुढच्या खेपेला आपोआप उडी मारता. मग ठोकळ्यातनं मशरूम निघतं, आधी पुढं पळतं आणि पाइपला आपटून परत तुमच्याच अंगावर येतं, तुम्ही घाबरून उडी मारली तरी वरच्या ठोकळ्यांना डोकं आपटून खाली त्याच्यावरच पडता, आणि मारिओ मोठा होतो! एक अक्षर न लिहिता शिकवलं की हे चांगलं असतंय. शेवटाकडं पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत, पहिलीच्या मधे साधी जमीन, चुकला तरी चालतंय, दुसरीच्या मधे खड्डा. आता चित्रं तीच ठेवून फक्त तो खड्डा आधी आणा, सगळी गंमत गेली. गेम बनवणारे मियामोतो आणि तेझुका हे सगळं ग्राफ पेपरवर काढायचे.

दिवाळीला गल्लीत किल्ला करताना वाट कुठनं वर न्यायची, दरवाजा कुठं लपवायचा यावरनं आपली भांडणं व्हायची की नाही? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, वळल्याशिवाय समोर येत नाही. तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना कोण नुसतं दगड मांडणारा म्हणेल?

कॉम्प्युटरचं म्हणाल तर २००८ चा स्पेलंकी हा गुहेत उतरायचा गेम बघा. दर खेपेला गुहा नवीन, खरं, पण खोल्यांचे साचे गेम बनवणाऱ्या डेरेक यू यानं स्वतः केलेत, कॉम्प्युटर ते फक्त ४ बाय ४ खोल्यांच्या चौकटीत जुळवतो, आणि वरनं खालपर्यंत एक वाट राहिलीच पाहिजे हा नियमही त्याचाच.

राहिली हार-जीत. काउंटर स्ट्राइक या दोन टीमच्या गोळीबाराच्या गेममधला डस्ट टू हा मॅप घ्या, डेव्ह जॉन्स्टननं २००१ मधे केलेला. आम्ही खेळायचो तेव्हा राउंड सुरू झाला की मिडच्या, म्हणजे मधल्या वाटेच्या, दारांच्या फटीतनं समोरच्या टीमचे पळताना क्षणभरच दिसायचे, तेवढ्यात गोळी मारायची. ती फट कुणीतरी विचार करून तेवढीच ठेवली होती, आणि छातीत जे धडधडायचं ते तिच्यामुळं, जिंकलो काय नि हरलो काय. आम्ही खेळायचो तो नेट कॅफे कधीच बंद झाला, पण बेळगावातल्या टिळकवाडीचं पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट जसं पाठ आहे तसा लाँग या लांब वाटेच्या दारापासनं बॉम्ब ठेवायच्या जागेपर्यंतचा एकेक कोपरा मला अजून डोळे मिटून सांगता येतो.