तिला तास हवे आहेत

रविवारी सकाळी अंगण सारवून मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर ओल्या सारवणावर माझ्या भाचीने रांगोळीने एक मोठं वेडंवाकडं वेटोळं काढलेलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "हे कोनती रांगोयी वं माय?"

ती कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकची वाट होती. पोरगी अनवाणी त्या रेषेच्या कडेकडेने चालत होती. वळणाआधी थांबायची, उजवा पाय दाबायची, डावा उचलून टेकवायची, डाव्या हाताने गिअर टाकल्यासारखं करायची आणि मगच वळायची. जिथे ब्रेक दाबायचा त्या प्रत्येक जागी तिने तुरीचा एकेक दाणा ठेवला होता. कोंबडी आली, दोन दाणे टिपून गेली. ही मान वर न करता म्हणाली, "चौथं आणि सहावं गेलं. आत्या, तूर दे."

तिला रेसिंग ड्रायव्हर व्हायचं आहे. वय बावीस. गाव आमचं धामणगाव रेल्वे तालुक्यात, बाप माझा धाकटा भाऊ, वावरात कपाशी आणि तूर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या आठवड्यात एका साक्षगंधाला गेले होते, तिथे जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "मॅडम, पोरीले गाडीच पयवाची असन तं समृद्धीवर पयवा ना, तिकडं मद्रासले जाची काय गरज?" सगळे हसले. दुसऱ्याच्या घरचं कार्य होतं म्हणून मी गप्प बसले. तिथे जे बोलले नाही ते आज इथे लिहिते.

समृद्धी आपल्या तालुक्यातून जाते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा शाळेतल्या पोरांइतकाच मलाही आनंद झाला होता. पुढच्याच वर्षी १ जुलैच्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं जागच्या जागी गेली. नागपूर, वर्धा, यवतमाळची, म्हणजे आपलीच माणसं होती त्यात. तेव्हापासून "समृद्धीवर पळवा" हे मला गमतीतसुद्धा ऐकवत नाही. तिथे कारची मर्यादा ताशी १२० किलोमीटरची आहे. १२० ने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. आमच्या शाळेची इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सेकंदात मागे पडेल. डुलकी लागायला सेकंद पुरतो.

रेसिंग म्हणजे रस्त्यावर गाडी पळवणं नाही, हे मला आधी पोरीने समजावलं. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, गुरं आडवी येत नाहीत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला गाडी घसरलीच तर थांबायला मोकळी जागा राखलेली असते. गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो. खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येणारे पट्टे इतके आवळतात की श्वाससुद्धा मापून घ्यावा लागतो. अंगात सहजासहजी आग न धरणारा सूट. ट्रॅकच्या कडेने ठिकठिकाणी झेंडे घेतलेली माणसं उभी असतात. पिवळा झेंडा दिसला की पुढच्याला ओलांडायचं नाही, लाल दिसला की शर्यत थांबली. ट्रॅकवरच्या पहिल्या ट्रेनिंगहून पोरगी घरी आली आणि रस्त्यावर आधीपेक्षा हळू चालवायला लागली. आता ती लहान पोरांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसू देत नाही. कितीही रडा, खाली उतरवते. गावात किती घरांनी मडगार्डवरून पडलेलं पोर उचललंय ते मी इथे लिहीत नाही, ज्यांचं त्यांना माहीत आहे.

आणि "हे पोरींचं काम हाय का?" म्हणणाऱ्यांनी तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवावी. आपल्याच तालुक्यातलं गाव. २०१४ ला कोर्टाच्या बंदीने पट थांबले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि तळेगावच्या पटात बायांचाही पट होतो, बाया धुरकरी असतात. छकडीवर बाई, हातात कासरा, समोर उधळलेली जोडी. ना ब्रेक, ना स्टिअरिंग. निकाल सेकंदाच्या तुकड्यावर. तो बघायला आपण डबे बांधून जातो, शिट्या मारतो, घरी येऊन कौतुकाने सांगतो. मग त्याच बाईच्या लेकीने गाडीची किल्ली मागितली की आपल्याला काय होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. वेगाची भीती पोरींना नसते. त्यांना तास मिळत नाहीत.

आपल्याकडे मुलगा दहाव्या वर्षी बापाच्या मांडीवर बसून ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरतो. बाराव्या-तेराव्या वर्षी मोटरसायकल घेऊन पानठेल्यापर्यंत जाऊन येतो. ते कायद्यात बसत नाही आणि मी त्याची बाजू घेत नाही. पण होतं हेच. अठराव्या वर्षी तो लायसन काढायला जातो तेव्हा शेकडो तास त्याच्या हातापायात मुरलेले असतात. त्याच घरातली पोरगी त्याच वावरात डबा घेऊन येते आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून बघते. तिचे तास शून्य. पुढे ती पहिल्यांदा गाडीत बसते, क्लच सोडताना गाडी बंद पडते आणि आपण म्हणतो, पोरींना जमत नाही. मी स्वतः गाडी शिकले ती चाळिशीत. माझ्या बापाकडे जीप होती. मी ती पुसायची, भाऊ चालवायचा. ते मला आजही लागतं.

भाचीला तास मिळाले ते अपघाताने. ती अठराची झाली त्या वर्षी ऐन वखरणीत माझ्या भावाचा हात मोडला. मजूर मिळेना, ड्रायव्हर मिळेना. पोरीने लायसन काढलं आणि ट्रॅक्टर घेतला. दोन हंगाम चालवला. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. तास, म्हणजे वावरातली ओळ, संपलं की धुऱ्याजवळ आतल्या चाकाचा ब्रेक दाबून वळवायचं. जास्त दाबला तर चाक माती उकरतं, कमी दाबला तर पुढचं तास सुटतं. किती दाबायचा हे कोणी सांगू शकत नाही, ते कमरेला कळतं. ट्रॅकवर पहिल्यांदा गाडीचा मागचा भाग घसरला तेव्हा तिला भीती वाटली नाही. ती म्हणाली, "आत्या, हे मला माहीत होतं. आपल्या नाल्याकडच्या वावरात ट्रॅक्टर असाच जातो." वावरातलं तास आणि घड्याळातला तास, तिचे दोन्ही तिथेच मोजून झाले होते.

इंजिनिअरिंगला गेली तेव्हा वाटलं आता मार्ग मोकळा झाला. कॉलेजात बाजा नावाच्या स्पर्धेची टीम होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विद्यार्थी स्वतः एका सीटची, खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी बनवतात आणि इंदूरजवळ पिथमपूरला देशभरातल्या कॉलेजांबरोबर उतरवतात. शेवटी तब्बल चार तासांची शर्यत असते. खाचखळगे, चिखल, चढ, सगळं. या पोरीसाठीच केल्यासारखं. सरावाच्या मैदानावर तिची वेळ सगळ्यांत चांगली आली, वहीत लिहिलेली आहे, मी बघितली आहे. तरी ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याचं नाव गेलं. कारण काय, तर गाडीचं काम रात्री चालतं आणि मुलींच्या होस्टेलचं गेट सात वाजता बंद होतं. "रात्री वर्कशॉपमध्ये नसते ती टीमची ड्रायव्हर कशी?" तिला खर्चाचा अहवाल टाइप करायला दिला. ती पिथमपूरला गेली आणि चार तास जाळीच्या बाहेर उभी राहिली. पुन्हा धुऱ्यावर.

कोणी तिला वाईट बोललं नाही, कोणी हात धरून ओढलं नाही. नुसतं एक गेट सात वाजता बंद झालं. पोरींच्या करिअरचं बहुतेक वेळा असंच होतं, म्हणून ते कोणाला दिसत नाही आणि त्यावर कोणाला लाजही वाटत नाही. होस्टेलची काळजी मला कळते, मी शिक्षिका आहे. मग वर्कशॉप सहाला बंद करा. नाहीतर एक शिक्षिका सोबत बसवा. मुलीचेच तास कापायचे, हा एकच उपाय दर वेळी कसा सुचतो?

ताकदीचं म्हणाल तर तो प्रश्न खोटा नाही. फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला २ च्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसतं आणि वळणावर मानेवर प्रचंड ताण येतो. भाची जुन्या हेल्मेटला मातीची पिशवी बांधून रोज मानेचा व्यायाम करते. पण डोक्यावर दोन हंडे आणि कापसाची गाठोडी नेणाऱ्या बायांच्या गावात मानेच्या ताकदीची काळजी पुरुषांनी करू नये.

एक गोष्ट ती मला नेहमी सांगते. इटलीतली लेला लोंबार्डी. घरच्या मटणाच्या दुकानाची डिलिव्हरी व्हॅन चालवता चालवता ती रेसिंगमध्ये आली. १९७५ ला बार्सिलोनाच्या शर्यतीत ती सहावी आली. भीषण अपघातामुळे शर्यत मध्येच थांबवली होती, म्हणून निम्मे गुण दिले आणि तिला मिळाला अर्धा गुण. फॉर्म्युला वनमध्ये बाईने मिळवलेला आजपर्यंतचा एकमेव गुण तो, तोही अर्धा. १९७६ मध्ये ती शेवटची शर्यतीत उतरली, त्यानंतर एकही बाई फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरलेली नाही. पन्नास वर्षं होत आली. या काळात जगात एकही बाई वेगवान जन्मली नाही असं कोण म्हणेल? आणि कारच्या रॅली शर्यतींत तर फ्रान्सच्या मिशेल मुतोंने १९८२ मध्ये तीन रॅली जिंकून जगात दुसरा क्रमांक मिळवला होता, पुरुषांबरोबर, त्याच घाटांत आणि त्याच धुळीत.

आपल्याकडचंही सांगते. पुण्याची डायना पंडोल, शिक्षिका, दोन मुलांची आई. मुलींसाठी घेतलेल्या निवड चाचणीतून ती आली आणि २०२४ मध्ये सलून कारच्या, म्हणजे रस्त्यावर दिसतात तशा बंद गाड्यांच्या गटात पुरुषांना मागे टाकून राष्ट्रीय विजेती झाली. ते वाचलं त्या दिवशी मी बातमी शाळेच्या फळ्यावर चिकटवली. चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत फळ्याजवळ उभी होती, बोट ठेवून ठेवून वाचत होती.

आता पैसा. इथे मी खोटं बोलणार नाही. हा महागडा खेळ आहे. गाडी भाड्याने, टायर, लायसन, सूट, धामणगाव ते कोइम्बतूर जाणंयेणं. पहिल्या ट्रेनिंगला माझा एक पूर्ण पगार गेला आणि भावाची तूर गेली. ट्रॅकवर जो फेऱ्या विकत घेऊ शकतो तो शिकतो, म्हणजे तिथेही तासच विकले जातात. आपल्याकडे पटाच्या बक्षिसाला वर्गणी निघते, दहीहंडीला निघते, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला निघते. त्यातला थोडा हिस्सा एखाद्या पोरीच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला निघावा, हे मागताना मला संकोच वाटत नाही.

दिवाळीनंतर एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती. चहा झाला आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, "लग्नानंतर हे गाड्यांचं बंद करणार ना?" भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी पोरीकडे बघितलं. तिचा उजवा हात ट्रेखाली होता, अंगठ्याच्या बेचक्यात स्टिअरिंगने आलेला फोड नुकताच फुटला होता. ती म्हणाली, "नाही काका." एवढंच. रात्री मी त्या फोडाला तूप लावत होते तेव्हा तिने सांगितलं की फॉर्म्युला वनचा मोठा विजेता मॅक्स व्हर्स्टॅपन, त्याची आई सोफी कुम्पेन ही स्वतः नावाजलेली कार्टिंग ड्रायव्हर होती. लग्न झालं, मूल झालं आणि तिचं रेसिंग मागे पडलं. "पोराला सगळे ओळखतात, आत्या. तिला किती जण ओळखतात?" मला माझ्या बापाची जीप आठवली.

तर आता काम सांगते. ऑटोक्रॉस म्हणून एक प्रकार असतो. मातीच्या मोकळ्या मैदानावर खुणा लावून, एका वेळी एकच गाडी, घड्याळ लावून. त्याला डांबरी ट्रॅक लागत नाही. आम्ही जुनी अल्टो घेतली आहे, भावाच्या मित्राने गॅरेजमध्ये तिला पिंजरा जोडून दिला. हेल्मेट तीन आहेत. भाची शिकवणार, लायसन असलेल्या अठरा वर्षांवरच्या मुलींना, फुकट. मी स्वतः हजर असेन, घड्याळ माझ्या हातात असेल. आम्हाला वावर हवं आहे. तूर निघून रिकामं झालेलं, सपाट, विहीर आणि विजेचे खांब नसलेलं, धामणगाव किंवा चांदूर रेल्वेच्या आसपास दोन-अडीच एकर. रविवारी सकाळी सहा ते नऊ, पेरणीची तयारी सुरू होईपर्यंत. भाडं देऊ आणि शेवटी वावर वखरून परत करू, वखरणी तीच करेल. ज्यांच्याकडे असं वावर आहे त्यांनी मेसेज करा, मी येऊन बघून जाईन. आणि ज्यांच्या घरी लायसन काढून कपाटात ठेवलेली लेक किंवा सून आहे, त्यांनी तिला सोबत घेऊन या.