सफाईचे शुल्क नेमके कशाचे?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील बेनेट स्प्रिंग स्टेट पार्कमध्ये ट्राउट माशांच्या मासेमारीचा मुख्य हंगाम दरवर्षी १ मार्चला सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरीही पार्कबाहेर केबिन भाड्याने देणाऱ्यांना दर मार्चमध्ये गर्दीचा जणू नव्याने साक्षात्कार होतो. पार्कमधील केबिन आणि तंबूच्या जागा कित्येक महिने आधीच आरक्षित होत असल्याने आपल्या वाट्याला उरतो तो बाहेरचा बाजार. तिथे एका रात्रीसाठी कोणी उभे करत नाही, किमान दोन रात्रींचे भाडे मोजावे लागते आणि वर सफाईचे शुल्क वेगळे. एवढे करूनही निघताना चादरी काढून ठेवा, भांडी घासा, कचरा बाहेर न्या, अशी यादी दारामागे चिकटवलेली असतेच. मग सफाई करणारे आम्ही आणि शुल्क घेणारे हे कोण? जाहिरातीतल्या ‘झऱ्यापासून पाच मिनिटांवर’मधली पाच मिनिटे अर्थातच मोटारीची असतात. मासे कुठे साफ करायचे, असे विचारले तर ‘बेसिनमध्ये केल्यास दंड’ एवढेच उत्तर मिळते, आणि तेही जिथे निम्मी गिऱ्हाइके मासे घेऊनच परतणार अशा धंद्यात! खासगी तळावर तंबू ठोकावा, तर शेजारच्या आरव्हीचा, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा, जनरेटर मध्यरात्रीपर्यंत घरघरत राहतो, आणि शांततेच्या वेळेची पाटी नेमकी त्याच जनरेटरच्या मागे उभी असते.