आईला स्किझोफ्रेनिया, म्हणून मुलीलाही होणारच?

‘घरात एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलांना होतोच, तिथे सोयरीक करू नका’ असा मेसेज आमच्या गिरगावातल्या चाळीच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही.

स्किझोफ्रेनिया म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार. तो साधारण शंभरातल्या एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमधला धोका दहा टक्क्यांच्या आसपास जातो. धोका वाढतो, नाकारत नाही. पण दहापैकी नऊ मुलांना तो होत नाही! जुळ्या भावंडांचंच बघा. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच, तरी एकाला आजार झाल्यावर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आतबाहेरच. म्हणजे नुसती जनुकं हे ठरवत नाहीत. शिवाय एकच असं जनुक नाही, शेकडो जागी थोडाथोडा फरक असतो. गर्भारपणातल्या किंवा बाळंतपणातल्या अडचणी, लहानपणचे आघात, कोवळ्या वयातला गांजा यांनीही धोका वाढतो. ‘आईच्या वागण्यामुळे झालं’ हा समज तर केव्हाच मोडीत निघालाय.

आमच्या मजल्यावरच्या मुलीने तो मेसेज गॅलरीत मला दाखवला तेव्हा तिचा हात थरथरत होता. तिची आई गेली बरीच वर्षं नियमित गोळ्या घेते, सकाळी सगळ्यांचे डबेही तीच भरते. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी कृपया हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका. कुणाला बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे.