हेडफोनला खोबरेल चोळू नका

‘जुना महागडा हेडफोन फेकू नका, घरच्या घरी नवा करा’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात सात कलमं आहेत. पॅडना खोबरेल लावा. मग दोन तास उन्हात ठेवा. रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरा. पिनांवर गंजाचा स्प्रे मारा. आतली कापडी चकती काढा, बास वाढेल. चांदीची वायर घाला. आणि जास्त ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) हेडफोन मोबाइलला लावू नका, मोबाइल जळेल. खाली ‘साउंड इंजिनिअरचा सल्ला’. इंजिनिअरचं नाव नाही की गाव नाही.

एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण हा मेसेज वेंगुर्ल्याला माझ्या मामांकडे पोचला आणि त्यांनी त्यातली घरात जमण्यासारखी कलमं ओळीने करून टाकली. त्यांच्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे, १९९७ साली निघालेलं मॉडेल. बोटीवर असलेल्या मामेभावाने आणून दिलेला. एका बाजूचा आवाज मधूनमधून जायचा, तक्रार एवढीच होती. उपचारांनंतर मामांचा फोन आला, “अरे, एका कानात आता कायच आयकाक येणा नाय.” हेडफोन रत्नागिरीला मागवून घेतला आणि उघडला.

सगळ्यात मोठा घात खोबरेलाने केला होता. उजवा पॅड ओढून काढला, तर मखमल तेलाने काळवंडलेली आणि ड्रायव्हरसमोरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरसमोरची, फोमची पातळ चकती काकवीसारखी होऊन जाळीवर बसलेली. आता हे नीट समजून घ्या. असा फोम पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्यातला एस्टर जातीचा फोम दमट हवेत आपणहून कुजतो. हवेतली वाफ त्याचे बंध तोडते, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोड आणखी जोरात करतं. म्हणून पेटीत पडून राहिलेला, न वापरलेला हेडफोनही काही वर्षांनी चिकट निघतो. कोकणात हे जरा लवकर होतं, इतकंच. तुटलेले बंध तेलाने जुळत नाहीत. तेल फोमच्या भुग्याला ओलं करतं, धूळ धरून ठेवतं आणि हळूहळू ड्रायव्हरच्या पडद्याकडे झिरपतं. तो पडदा केसापेक्षा पातळ असतो. त्यावर तेलाचा थर बसला की आवाज बदललाच.

हा लगदा काढताना वरून अल्कोहोल ओतायचा मोह होतो. ओतू नका. विरघळलेला फोम जाळीतून थेट पडद्यावर उतरतो. हेडफोन उलटा धरायचा आणि चिमट्याने एकेक कण उचलायचा. मखमल आणि चकती गेली ती गेली, नवीनच घालायची. पॅड ही झिजून संपणारी वस्तू आहे. ते चेपले की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाजाचा तोल बिघडतो. खोबरेल चोळून चेपलेला पॅड फुगत नाही.

ऊन आणि तांदूळ एकत्रच घेतो. कॅनडाच्या सरकारी कन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने रबर आणि प्लॅस्टिकच्या वस्तू कशा जपाव्यात यावर टिपण काढलंय. संग्रहालयवाले ते वापरतात. त्याचं सार असं की उजेड कमी, उष्णता कमी, दमटपणा कमी. मेसेजने पहिल्या दोन्हींच्या बरोबर उलटं सांगितलंय आणि तिसऱ्यासाठी तांदूळ दिलाय. श्रावणात वेंगुर्ल्यातल्या घरात हवेतला दमटपणा ८०-९० टक्क्यांच्या घरात असतो. तिथे डब्यातला तांदूळ स्वतःच सर्दावलेला, तो दुसऱ्याचं पाणी काय शोषणार? उलट त्याची पिठी फटीफटीत शिरते, पोरकिडे असले तर तेही. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की पुड्या बदला. आपल्याकडचे फोटोग्राफर लेन्सवरची बुरशी टाळायला हेच करतात.

गंजाच्या स्प्रेबाबत मात्र नाइलाजाने मान्य करतो, मेसेजवाल्याने रोग बरोबर ओळखलाय. एचडी ६०० ची केबल दोन्ही कपांत वेगवेगळ्या दोन पिनांनी बसते. खाऱ्या हवेत त्या पिनांवर थर चढतो आणि एक बाजू गप्प होते. मामांची मूळ तक्रार हीच होती. पण होडीच्या इंजिनाला मारायचा स्प्रे इथे नको. तो तेलाची साय मागे ठेवतो आणि काही प्लॅस्टिकना त्यातलं द्रावण सोसत नाही. मामांच्या पिनांवर स्प्रेचं तेल आणि तांदळाची पिठी यांचा लेप बसला होता. वायर न ओढता प्लग धरून केबल काढली, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसल्या, सुकू दिल्या, दोन-चार वेळा आतबाहेर केल्या. बंद पडलेला कान सुरू झाला. उजवीकडे जोरकस तबल्यावर थोडी खरखर येते, तिचं काय करायचं ते नवे पॅड आल्यावर बघू.

कापडी चकती काढल्यावर बास वाढतो, हेही अर्धं खरं. ती चकती ड्रायव्हरच्या हालचालीला लगाम घालते. ती काढली की खालच्या पट्टीत एक फुगवटा येतो, आणि त्याला लोक बास म्हणतात. तंबोरा मग गढूळ ऐकू येतो. फॉस्टेक्स कंपनीच्या टी५०आरपी हेडफोनवर जगभर हौशी लोक फेल्ट आणि फोम घालून प्रयोग करतात, पण ते एक थर लावतात, मोजतात, नाही पटला तर काढतात. फाडून फेकलेली चकती परत कशी बसवणार?

चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के चांगली वाहक आहे, बस. एचडी ६०० च्या ३०० ओमच्या ड्रायव्हरपुढे केबलचा रोध जेमतेम ओमभर. त्यात पाच टक्के वाचवून काय मिळणार? सोनाराकडे जा, निदान पैंजण तरी होतील.

आणि मोबाइल जळण्याची गोष्ट तर साफ उलटी आहे. ओम जास्त म्हणजे हेडफोन करंट कमी ओढणार. सेनहायझरचाच १९६८ चा एचडी ४१४ तर २००० ओमचा होता. तो मोबाइलला लावलात तर आवाज बारीक येईल, मोबाइल थंडच राहील.