कवडसा, फ्लॅश आणि उदबत्तीचा निळा धूर

नमस्कार.

अंधाऱ्या बंद खोलीत, काळ्या कापडासमोर, फ्लॅश लावून उदबत्तीच्या धुराचे फोटो कसे काढायचे ते मी फोटोंसह लिहिलं होतं. त्यावर तुम्ही राजापूरहून लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप तीन. आपल्या कौलारू घरात काचेच्या कौलातून आयता कवडसा पडत असताना फ्लॅशचा खटाटोप कशाला? फोटोतला निळा रंग संगणकावर भरलेला आहे. आणि बंद खोलीत धूर करायला लोकांना शिकवू नये. तिसऱ्यात तथ्य आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो. पहिले दोन मला पटत नाहीत.

कवडशातला धूर मलाही फार आवडतो. चुलीचा धूर त्या तिरक्या पट्ट्यात शिरला की उजेड हाताने धरता येईल असा दिसतो. पण तिथे दिसतो तो उजेडाचा आकार. धूर पट्ट्याबाहेर सरकला की संपला. त्याचे पदर, वळणं, मध्येच सुटलेला एखादा तंतू, सगळं अंधारात जातं. मला फोटो धुराचा हवा होता.

शिवाय धूर वाटतो तेवढा संथ नसतो. सेकंदाला वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, वर सरकतो असं धरा. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो ३ मिलिमीटरहून जास्त जातो, आणि आपल्याला टिपायचा तंतू मिलिमीटरभरही जाड नसतो. मग फोटोत उरतो तो नुसता फराटा. स्पीडलाइटची, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशची, ताकद पूर्ण ताकदीच्या १/३२ वर आणली की त्याचा लखलखाट १/१०,००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी टिकतो. तेवढ्या वेळात धूर सरकणार ०.०२ मिलिमीटर. शटर १/२०० सेकंदावर असलं तरी काही बिघडत नाही, कारण एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान) आणि आयएसओ २०० (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता कमी) ला अंधाऱ्या माजघरातला उजेड फोटोत उमटतच नाही. उमटतं ते फक्त फ्लॅशने दाखवलेलं. ताकद कमी ठेवा असं मी लिहिलं होतं ते यासाठीच. ताकद कमी, तितका लखलखाट आखूड.

आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, कारण समोरून उजेड पडला तर धूर सपाट दिसतो आणि मागचं काळं कापडही उजळतं. उदबत्तीच्या बाजूला, किंचित मागे, हातभर अंतरावर ठेवा. धुराचे बारीक कण बराचसा उजेड पुढच्या दिशेला फेकतात, त्यामुळे उजेड आपल्याकडे येत असेल तेव्हा धूर सर्वांत उजळ दिसतो. लेन्समध्ये आणि कापडावर उजेड सांडू नये म्हणून फ्लॅशला काळ्या कार्डपेपरचा आडोसा पुरतो. एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाने १९०० च्या आसपास फ्रान्समध्ये धुराच्या बारीक रेघा सोडून, वाटेत अडथळे ठेवून, मॅग्नेशियमच्या झगझगाटात त्यांचे फोटो घेतले होते. हवा अडथळ्याला वळसा कशी घालते ते त्याला पाहायचं होतं. डोळ्याला न दिसणारं दाखवणाऱ्या उजेडाला मी कृत्रिम म्हणून मोडीत काढणार नाही.

आता निळा रंग. तो मी भरलेला नाही. उदबत्तीच्या टोकावरून नुकत्याच निघालेल्या धुराचे कण इतके बारीक असतात की ते निळा उजेड जास्त विखुरतात. पटत नसेल तर उद्या सकाळी एखाद्या घराच्या कौलांतून निघणारा धूर बघा. मागे माडा-पोफळींची गर्द झाडी असेल तोवर तो निळसर दिसतो. तोच धूर वर चढून उजळ आकाशासमोर आला की पिवळट, तपकिरी होतो. धूर एकच; झाडीसमोर आपण त्याने विखुरलेला उजेड पाहतो, आकाशासमोर त्यातून गाळून आलेला. माझं काळं कापड म्हणजे ती झाडी. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन फोटो मात्र मी संगणकावर काळ्याचं पांढरं असे उलटे करून रंगवले आहेत, आणि तसं त्यांच्याखाली लिहिलेलंही आहे.

राहिला बंद खोलीचा मुद्दा. उदबत्तीच्या धुरातले बारीक कण छातीत जातात, यात शंका नाही. पंखा बंद आणि दारं लावलेली हवीत ती फक्त फोटो काढताना, कारण आपल्या श्वासानेसुद्धा धूर फाटतो. म्हणून एका वेळी एकच उदबत्ती लावा, थोडे फोटो झाले की ती विझवा आणि दारं-खिडक्या सताड उघडा. फोटोलाही ते हवंच असतं. खोलीत धूर साठला की काळी पार्श्वभूमी करडी पडते. घरात कुणाला दमा असेल तर आत करूच नका. दिवसाचे खारे वारे थांबून रात्रीचे मतलई सुरू होण्याआधी संध्याकाळी वारा पडतो, तेव्हा पडवीत तीन बाजूंनी चादरी बांधून हेच जमतं. फक्त पुरता काळोख होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर वारा पुन्हा सुटला तर त्या दिवशी नाद सोडायचा.