चुकणाऱ्या नायिका आणि सावकाश जमणारं प्रेम : बाईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार.

प्रतिक्रियेच्या चौकटीत हे उत्तर मावलं नसतं, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी तुमचं म्हणणं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी ते आधी थोडक्यात सांगते. फँटसी कादंबऱ्यांतल्या चुकणाऱ्या, रागीट, प्रसंगी स्वार्थी नायिका मला का आवडतात, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की तुम्ही आयुष्यभर कोल्हापुरात मराठी शिकवलंत, आता अकरावीतल्या नातीच्या उशाशी याच कादंबऱ्यांची चळत असते आणि ती चाळून तुम्ही अस्वस्थ झालात. नायिका खोटं बोलते, चोरी करते, जवळच्यांना दगा देते आणि लेखक तिचीच बाजू घेतो. नायक-नायिकेचं जमायला चारशे पानं लागतात, ती पानं भरण्याची युक्ती आहे. आणि शेवटी : सावित्री-दमयंती ज्यांनी ऐकल्या त्या मुलींना या बायका का आवडाव्यात?

सुरुवात सावित्रीपासून करते, कारण ती आपल्या दोघींचीही आवडती असणार. महाभारतातली सावित्री आठवा. स्वतःचा वर स्वतः शोधायला ती रथातून निघते. सत्यवान वर्षभरात मरणार असं नारद सांगतात, वडील दुसरा वर निवड म्हणतात, ती नाही म्हणते. यम परत जा म्हणतो, ती त्याच्या मागे चालत राहते आणि बोलत राहते. आज एखाद्या घरात मुलगी अशी वागली तर तिला हट्टी आणि उलट बोलणारी म्हणतील. वडाला दोरा गुंडाळताना आपण तिची निष्ठा तेवढी आठवतो आणि वाद घालणारी सावित्री मागे राहते. द्रौपदीच्या बाबतीत तर महाभारत आणखी स्पष्ट आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर ती सगळ्यांत आधी कोसळते. भीम कारण विचारतो, तेव्हा युधिष्ठिर सांगतो की तिचा अर्जुनाकडे जास्त ओढा होता. खुद्द महाकाव्याने तिचा दोष, तोही नवऱ्याच्या तोंडून, नोंदवून ठेवला आहे. त्यामुळे तिचं मोठेपण कमी झालं असं आपल्याकडे कुणालाच वाटलं नाही.

आणि आपल्या गावातलं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भाऊसाहेब खांडेकर याच कोल्हापुरात राहिले. त्यांची 'ययाति' 1959 साली आली, आणि 1974 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. त्या कादंबरीत देवयानीला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं आहे. अहंकारी, सूड धरणारी, शर्मिष्ठेला दासी करून घेतल्याशिवाय समाधान न होणारी बाई. खांडेकरांनी ठरवलं असतं तर तिला बाहेरूनच दाखवून वाचकाला तिचा तिरस्कार करायला लावता आला असता. तसं न करता त्यांनी तिला 'मी' म्हणायला दिलं. तिचा राग पटत नाही, पण कळतो. कचाने नाकारल्याची जखम कुठवर गेली आहे हे दिसतं. हे खांडेकरांनी तिची बाजू घेणं झालं का? मला नाही वाटत. एखाद्या माणसाच्या आत शिरून लिहिणं आणि त्याच्या वागण्यावर शिक्का मारून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फँटसीतल्या चांगल्या लेखिका पहिली गोष्ट करतात.

आता फँटसीबद्दल. तुमचा प्रश्न असा निघतो, की चुकणारी माणसं सामाजिक कादंबरीतही असतात, मग त्यासाठी ड्रॅगन आणि जादूगार कशाला? माझ्या मते या सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे.

अद्भुताच्या जगात जवळपास सगळं एका क्षणात होऊ शकतं. मंत्राने दार उघडतं, जखम भरते, म्हातारी तरुण होते. अशा जगात वाचकाला धाक वाटावा, काहीतरी पणाला लागलंय असं वाटावं, तर जादूने होत नाही अशी एक तरी गोष्ट तिथे असावी लागते. ती गोष्ट म्हणजे माणसाचा स्वभाव. भित्री मुलगी मंत्राने धीट होत नाही. ज्याचा विश्वासघात केला त्याचा विश्वास जादूने परत मिळत नाही. म्हणून फँटसीत नायिका निर्दोष असली की कथा पोकळ होते. बाहेरच्या अडचणी जादू सोडवणार आणि आतली अडचण मुळातच नाही, मग वाचायचं काय? सामाजिक कादंबरीला निर्दोष नायिका एक वेळ परवडते, कारण तिथे हुंडा, गरिबी, जात, आजारपण असं खरं जग तिच्यासमोर उभं असतं. फँटसीतलं जगच बनवलेलं असतं, त्यामुळे त्यातलं माणूस तरी खरं लागतं.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने 1971 मध्ये तेनार नावाच्या मुलीची कादंबरी लिहिली, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन'. तेनारला लहानपणीच आईवडिलांपासून तोडून वाळवंटातल्या एका देवस्थानात आणतात. तिचं नाव काढून घेतात आणि तिला अंधाराच्या देवतांची मुख्य पुजारीण करतात. पंधराव्या वर्षी अधिकार हातात येतो आणि पहिलंच काम समोर येतं : राजाने पाठवलेल्या तीन कैद्यांना कसं मारायचं ते ठरवणं. ती ठरवते. त्यांना अंधारात, अन्नपाण्याशिवाय ठेवून मरू द्यायचं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागातच नायिकेच्या हातून हे होतं. लेखिका ते झाकत नाही, तिच्यावर जबरदस्ती झाली असंही दाखवत नाही. ती माणसं नंतर तेनारच्या स्वप्नांत येत राहतात.

मग त्याच भुयारात एक जादूगार चोरी करायला येतो आणि अडकतो. त्यालाही तसंच मारायचं तिच्या हातात आहे. ती भिंतीतल्या छिद्रांतून त्याला बघत राहते. त्याला मरू देत नाही, सोडतही नाही. मग पाणी देते. पुढे तो तिचं खरं नाव तिला परत देतो आणि दोघं तिथून निसटतात. सुटल्यावर सगळं गोड व्हायला हवं होतं, पण नाही. ज्याने बाहेर काढलं त्याच्यावरच एका क्षणी ती सुरी उचलण्याच्या बेतात असते. स्वातंत्र्य मिळालं की माणूस आपोआप कृतज्ञ होत नाही, ही गोष्ट एवढ्या नेमकेपणाने मी फार कमी ठिकाणी वाचली आहे.

आणि प्रेम? त्या पुस्तकात ते नाहीच. तो तिला एका भल्या माणसाकडे सोपवणार असतो आणि आपल्या वाटेने जाणार असतो. दोघं पुन्हा भेटतात ती कादंबरी 1990 मध्ये आली. मध्ये एकोणीस वर्षं. तोवर तेनारने शेतकऱ्याशी लग्न केलंय, मुलं मोठी झालीत, नवरा गेलाय. त्या जादूगाराची सगळी शक्ती संपली आहे आणि त्याला त्याची लाज वाटते. तेव्हा कुठे ती दोघं एकत्र येतात. बाई, तुमच्या चारशे पानांच्या तक्रारीपुढे हे मी मुद्दाम ठेवते आहे. ही माणसं आधी एकत्र आली असती तर ते नातं उपकाराचं झालं असतं. तो सोडवणारा, ती सुटलेली. दोघांचंही मोठेपण उतरल्यावर, कुणाकडे देण्यासारखी जादू उरली नसताना जे जमलं ते बरोबरीचं आहे. एवढा काळ जायलाच हवा होता.

डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेच्या 1986 च्या कादंबरीतली सोफी याच्या अगदी उलट सुराची आहे, हलकीफुलकी. तिला शापाने म्हातारी केली जाते आणि गंमत अशी की म्हातारी झाल्यावर ती जास्त मोकळी होते : नाक खुपसते, फटकारते, रागाच्या भरात नुकसान करून ठेवते. समोरचा जादूगारही दिखाऊ आणि जबाबदारी टाळणारा. दोघांना एकमेकांचे दुर्गुण आधी कळतात. रूपाचा प्रश्नच नाही, कारण तिचं तरुण रूपच गायब आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हे वाचताना काय मिळत असेल याचा विचार करा. सतत फोटोत चांगलं दिसण्याचं ओझं असलेल्या मुलीला अशी नायिका भेटते, जिला तिच्या चिडचिडीसकट कुणीतरी ओळखतं.

म्हणजे दोष आणि सावकाशपणा या मला दोन वेगळ्या आवडी वाटतच नाहीत. नायिकेत काही लपवण्यासारखं असेल तरच समोरच्याला ते कळायला वेळ लागतो, आणि कळल्यावर राहायचं की जायचं हा प्रश्न उभा राहतो. स्लो बर्न म्हणतात त्या, म्हणजे प्रेम सावकाश जमत जाणाऱ्या, कथांची ओढ तिथे आहे. 'आता हात धरतील का' यापेक्षा 'हे कळल्यावरही धरतील का' हे वाचकाला जास्त जागं ठेवतं.

पानं भरण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं बऱ्याच पुस्तकांना लागू पडतं. आपण खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावचे, तेव्हा कुस्तीच्या भाषेत सांगते. जोड लागल्यावर आधी खडाखडी होते. नवख्याला वाटतं, हे नुसते हात झटकतायत. जाणकार त्यातच बघत असतो, कोणाचा पाय कुठे पडतोय, कोण दमतोय. पण दोघंही नुसतीच खडाखडी करत राहिले तर तोच जाणकार वरून ओरडतो. कादंबरीतही तसंच पाहायचं : शंभर पानांपूर्वी ही दोघं एकमेकांबद्दल जे जाणत होती, त्यात आज काही भर पडली का? पडली असेल तर उशीर खरा. नसेल, फक्त कुणीतरी अर्धं बोलणं ऐकून गैरसमज करून घेतला असेल, पत्र हरवलं असेल, ऐन वेळी तिसराच कुणी आला असेल, तर ती पानं भरलेलीच आहेत. रोज एक भाग टाकणाऱ्या ऑनलाइन कथामालांत, मराठीतसुद्धा, हे फार होतं, कारण वाचकाला उद्या परत आणायचं असतं. मीही अशा कथा अर्ध्यात सोडते.

आणखी एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. नायिकेचा दोष आणि नायकाचा क्रूरपणा यांची गल्लत करणारी पुस्तकं सध्या पुष्कळ आहेत. तो तिला कोंडतो, अपमान करतो, तिच्यावर पाळत ठेवतो, आणि शेवटच्या खंडात कळतं की हे सगळं प्रेमापोटी होतं. याला मी सावकाश जमलेलं प्रेम म्हणणार नाही. सावकाशपणात दोघांना निघून जाण्याची मोकळीक असावी लागते. तेनारची कथा मला श्रेष्ठ वाटते ती त्यामुळेही.

नातीची पुस्तकं काढून घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंत. काढून घेऊ नका. पण एक गोष्ट जरूर बघा : सध्या रोमँटसी, म्हणजे रोमान्स आणि फँटसीचं मिश्रण, म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं प्रौढ वाचकांसाठी लिहिलेलं असतं, सविस्तर शृंगारासह, आणि मुखपृष्ठावरच्या फुलं-तलवारींवरून ते अजिबात कळत नाही. पुस्तक कोणत्या वयासाठी आहे हे विकत घेण्याआधी बऱ्याचदा प्रकाशकाच्या पानावर तपासता येतं. नातीला सरळ विचारलंत तरी ती सांगेल. ही मुलं आपापसात त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. आणि विचारताना 'ही असली नायिका तुला कशी आवडते' असं न म्हणता, 'ती तिथे खोटं का बोलली गं?' असं विचारून बघा. तुम्ही इतकी वर्षं वर्गात पात्रांबद्दल प्रश्न विचारलेत, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

तेनारचं पुस्तक लहान आहे आणि अकरावीतल्या मुलीने बिनधास्त वाचावं असं आहे. दोघींनी मिळून वाचा, आणि त्या बदल्यात तिला 'ययाति' द्या. वाचून झालं की तीन कैद्यांच्या प्रकरणाबद्दल तुम्हाला काय वाटलं ते इथेच लिहा. पंधरा वर्षांच्या मुलीला त्याचा किती दोष द्यायचा, यावर आपलं पटणार नाही असा माझा अंदाज आहे, आणि तुमचं मत मला खरोखर वाचायचं आहे.