क्यूआर कोड आला म्हणून अंधांचं औषध वाचून होत नाही

सध्या मालवणपासून दापोलीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आता प्रत्येक औषधावर क्यूआर कोड आहे. मोबाइल धरला की अंधांना सगळी माहिती ऐकू येते. ब्रेलची मागणी म्हणजे उगाच खर्च. आणि घरचे असतातच, डबीत गोळ्या भरून देतील."

'प्रत्येक औषधावर' कुठे? 1 ऑगस्ट 2023 पासून कोडची सक्ती झाली ती औषध नियमांच्या परिशिष्ट एच-2 या यादीतल्या 300 ब्रँडना. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळालं, तर कोड असेलच असं नाही.

'सगळी माहिती' ही तर थापच. कोडमध्ये असतं औषधाचं नाव, ब्रँड, कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, परवाना क्रमांक. बनावट माल पकडायला हे उत्तम. पण गोळी जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर चालत नाही, हे त्यात देण्याचं बंधन नाही. मुदत कळते हे मान्य, पण कोड सापडला तर! स्ट्रिपवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे, आणि खोकं राहतं मेडिकलवाल्याच्या फळीवर. त्यातून चारच गोळ्या मागितल्या की तो कात्रीने तुकडा कापून देतो. त्या तुकड्यावर कोड सोडाच, धड नावही नसतं.

अक्षरं वाचून दाखवणारी ॲप उपयोगी आहेत, खोटं कशाला बोला. पण चकाकणाऱ्या, चुरगळलेल्या फॉइलवर तीही अडखळतात.

ब्रेलबद्दल अर्धं खरं आहे. मधुमेहाने साठीत नजर गेलेल्याला ब्रेल कुठून येणार? आणि गोळ्या सगळ्यात जास्त त्याच्याच हातात. म्हणून मोठी अक्षरं आणि आवाजही हवा. पण खर्चाचं कारण सांगू नका. युरोपीय संघाने 2004 सालच्या निर्देशातच औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये छापणं बंधनकारक केलं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 42 माहिती सुलभ रूपात देण्याबद्दलच आहे.

राहिले 'घरचे'. मुलगा चाकरमानी, येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. आणि आपल्या पावसाळ्यात स्ट्रिपमधून काढलेली गोळी डबीत दमट होते, नाव आणि मुदत जाते ती वेगळीच.

मग म्हातारीचा भरवसा उरतो मेडिकलच्या काउंटरवर. तिथे तिला काय ऐकू येतं? "काकी, पांढरी सकाळी, गुलाबी रात्री." नजर नसलेल्या बाईला रंग सांगायचा! त्याऐवजी तिच्याच फोनमध्ये नाव, वेळ, मुदत बोलून ठेवावी, सकाळच्या स्ट्रिपला एक रबर लावावं, रात्रीच्या स्ट्रिपला दोन, आणि स्ट्रिप कापूच नये. यातलं काहीच करायला कुठल्या नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाही.